सगळ्यात खालची रेघ

वाशीमजवळच्या मालेगावच्या नदीपुऱ्यात, म्हणजे नदीकाठच्या वस्तीत, लग्नाची बोलणी करायला पाहुणे आले, की मुलाचा बाप त्यांना चहा विचारायच्या आधी भिंतीपाशी नेऊन उभं करायचा. भिंतीवर गेरूच्या आडव्या रेघा असत. घरात पुराचं पाणी जिथवर चढलं तिथं, पाणी उतरल्यावर, रेघ ओढायची आणि शेजारी साल लिहायचं, ही पुऱ्याची जुनी रीत. रेघ जितकी वर, तितकं घर मोठं. शहाण्या बापानं असल्या घरात मुलगी दिली नसती. पण शहाणा बाप नदीपुऱ्याचा उतार उतरतच नसे, आणि बाकीच्या बापांवर पुऱ्याचं भागत होतं.

नदीला पुऱ्यात माहेरवाशीण म्हणत. ती घरात शिरली की घरच्या सवाशिणीनं उंबऱ्यावर कुंकू टाकून "ये माय" म्हणायचं, आणि मग लेकरं, शेळ्या, अंथरुणं काखोटीला मारून वरच्या शाळेत पळायचं. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी सारा पुरा तिची ओटी भरायला जाई. पहिल्या ओटीचा मान सगळ्यात उंच रेघेच्या घराला. त्याच दिवशी मुसलमानांच्या चार घरांतून पाण्याचे पीर ख्वाजा खिजर यांच्या नावानं मलिदा निघे, आणि त्यातही पुढं कोणी चालायचं हे भिंतच ठरवी. माहेरवाशीण म्हटली म्हणजे जाताना काहीतरी घेऊन जाणारच. ही कोंबड्या न्यायची, भांडी न्यायची. एकदा दुकानवाल्या जमनाबाईची तुळस वृंदावनासकट घेऊन गेली. जमनाबाई ते असं सांगे, की ऐकणाऱ्याला आपलीही तुळस जावी असं वाटे.

एकोणपन्नास सालापासून पहिल्या ओटीचा मान मनकर्णाबाईच्या घरी होता, आणि तो मान सगळ्यात महाग पडत होता तोही तिलाच. कारण तिच्या घरात इंजिन होतं.

तेलावर चालणारं, काळं, म्हशीएवढं इंजिन. तिच्या सासऱ्यानं ते कुठल्याशा बंद पडलेल्या जिनिंगमधून घेतलं, जऊळक्याच्या स्टेशनावर उतरवलं आणि चार बैल जुंपून मालेगावला आणलं. पुढच्या खोलीत पिठाची गिरणी काढली आणि वर्षाच्या आत म्हातारा वारला. गिरणी लेकाला मिळाली, म्हणजे सुनेला मिळाली, कारण लेक म्हणजे इंद्रभानजी.

इंद्रभानजींना इंजिनचा आवाज सोसत नसे. त्यांचं अक्षर मात्र फार सुरेख. पुऱ्यातल्या भिंतीभिंतीवरची रेघ आणि साल त्यांच्या हातचं. पूर ओसरला की बाकीचे लोक गाळ उपसायला लागत आणि इंद्रभानजी धुतलेलं धोतर नेसून, गेरूची वाटी घेऊन घरोघर हिंडत. लोक त्यांना पाट देत, गूळपाणी देत. वर्षातून असे तीन-चार दिवस त्यांना काम पडे. त्या तीन-चार दिवसांत ते इतके दमत, की उरलेलं वर्ष विश्रांतीला पुरत नसे. पहिली ओटी सवाशिणीनंच भरायची असल्यामुळं त्यांचं जिवंत असणं घराला उपयोगाचं होतं. दुसरा उपयोग अजून कोणाला सापडलेला नव्हता.

मनकर्णाबाई तेव्हा पंचेचाळिशीची असेल. भुवया पिठानं पांढऱ्या, आवाज इंजिनच्या वर चढायची सवय लागल्यामुळं कायमचा मोठा. देवळात ती हळू बोलली तरी पुजारी दचके. पट्टा चढवणं, दळायच्या दगडाला टाकी मारणं, लोखंडी चाकाला दोन्ही हातांनी हिसका देऊन इंजिन चालू करणं, सगळं तीच करायची. बाया म्हणत, "मनकर्णाबाईनं डोळे वटारले की इंजिन भेवूनच चालू होते."

त्रेपन्न सालच्या पुरात पाणी तिच्या छातीला लागलं. इंजिन तीन दिवस बुडून होतं. समोर राहणारा हबीब मिस्त्री, गावातला एकमेव माणूस ज्याच्यापुढं ते इंजिन पोट उघडायला तयार असे, त्यानं ते खोललं. आतून टोपलंभर गाळ निघाला आणि गाळातून एक वीतभर मासा.

"भाभी, घ्या," हबीब म्हणाला. "नदीनं आहेर धाडला."

मनकर्णाबाई गाळाचं घमेलं डोक्यावर घेऊन उभी होती. मागं इंद्रभानजी स्टुलावर चढून, जीभ किंचित बाहेर काढून, रेघ ओढत होते.

"पाह्य, पाह्य," ते खाली बघून म्हणाले, "एकोणपन्नासपेक्षा बी चार बोटं वर! आता दहा वर्सं आपला मान कोनी घेत नाई."

त्यावर मनकर्णाबाई काय बोलली ते हबीबनं कोणाला सांगितलं नाही. पण तो मासा घेऊन घाईघाईनं घरी गेला, एवढं खरं.

इंजिन परत चालू व्हायला दोन महिने लागले. तोवर अर्धं गिऱ्हाईक पेठेतल्या गिरणीकडं गेलं आणि तिथंच रमलं. अजून एक असा पूर आला तर गिरणी उठणार नाही, हे मनकर्णाबाईला कोणी सांगायची गरज नव्हती. तिच्या घरात खाणारी सहा तोंडं होती आणि मिळवणारं एक, तेही लोखंडी.

पंचावन्न सालच्या माघात वाशीमहून किसनसिंग आला. विम्याचा एजंट. सायकल, काळी टोपी, बगलेत चामडी पिशवी. तो आला होता इंद्रभानजींचा विमा काढायला.

"काकू, काकाजींचा विमा काढून ठेवा. मानसाचं काय सांगता येते? आज हाये, उद्या नाई."

खाटेवर पडलेले इंद्रभानजी उठून बसले.

"यायले काय होते?" मनकर्णाबाई म्हणाली. "हे आज बी खाटेवर हायेत, उद्या बी खाटेवरच राह्यतीन. तू मले इंजिनचा विमा काढून दे."

"इंजिनचा?"

"काहून? इंजिन बंद पडलं की घर बंद पडते. अन् हे बंद पडले तं..." एवढ्यावर ती थांबली. सवाशीण होती.

"इंजिनचा आगीचा विमा निघते काकू."

"आगीचा? बाप्पा, इथं श्रावणात चूल पेटता पेटत नाई, इंजिनले आग कुठून लागीन? मले पुराचा पाह्यजे."

किसनसिंगनं असं काही ऐकलं नव्हतं, पण कमिशन त्याला आगीचं काय आणि पाण्याचं काय, सारखंच. त्यानं कंपनीला पत्र टाकलं. तीन आठवड्यांनी उत्तर घेऊन तो परत आला आणि गिरणीच्या दारात उभा राहून वाचू लागला. पुराचा विमा मिळू शकेल. जादा हप्ता पडेल. एकट्या जागेसाठी साहेब तपासणीला येणार नाहीत, किमान दहा अर्ज हवेत. आणि ज्या जागेत गेल्या दहा वर्षांत पुराचं पाणी शिरलं असेल, त्या जागेचा अर्ज विचारात घेतला जाणार नाही.

मनकर्णाबाईनं इंजिन बंद केलं. आपण नीट ऐकलं की नाही याची तिला शंका आली.

"पुन्हा वाच."

त्यानं पुन्हा वाचलं.

"म्हंजे ज्याच्या घरी पानी येत नाई, त्याले पुराचा विमा?"

"हो."

"मंग तो विमा कायले काढीन? हौस म्हनून?"

"कंपनीचं असंच असते काकू," किसनसिंग पत्राची घडी घालत म्हणाला. "ज्याचं पोट भरलं त्यालेच आग्रह. पन साहेबाले कसं कळीन पानी येते म्हनून? तो काय वाडवडलापासून इथं राह्यते? फक्त त्या तेवढ्या..." त्यानं भिंतीवरच्या रेघांकडं हनुवटीनं दाखवलं.

आठ दिवसांत मनकर्णाबाईनं दहा अर्ज जमवले. हबीब मिस्त्रीची बायको हलिमा गाद्या-रजया भरायची. तिचा सगळा कापूस त्रेपन्न साली भिजून काळा पडला होता, तिनं लगेच अंगठा दिला. जमनाबाईचं गूळ-मिठाचं दुकान. पूर आला की तिचं दुकान वाहून जात नसे, नुसतं विरघळे. तिनं अंगठा दिला, पण मनकर्णाबाईच्या खाली देणार नाही, शेजारी देईन म्हणाली. एकोणपन्नासपासून तिच्या घरची रेघ दुसऱ्या नंबरावर होती आणि त्या दोन-तीन इंचांनी तिचं आयुष्य नासवलं होतं.

अर्ज झाले. अडलं ते चुन्यापाशी.

गिरणीत बैठक बसली. सगळ्यांना पटलं की साहेब यायच्या आधी भिंती पांढऱ्या करायला हव्या. आणि पटल्यावर कोणी उठेना.

"तू पह्यले पुस, मंग मी पुसतो," जमनाबाई म्हणाली. वऱ्हाडातल्या बायका स्वतःला 'पुसतो' म्हणतात, 'पुसते' म्हणतात, तोंडाला येईल ते म्हणतात. प्रश्न तो नव्हता. प्रश्न हा होता की मनकर्णाबाईनं पुसली आणि जमनाबाईनं नाही, तर श्रावणात पहिली ओटी कोणाची?

"मी पुसली अन् तू नाई पुसली तं?"

"अन् मी पुसली अन् तू चुन्याखालून ओरखडा ठेवला तं? रेघ ओढनारा तुह्याच घरचा हाये वं बाई."

दीड तास हेच चाललं. शेवटी हलिमा कंटाळून म्हणाली, "अपनी कोनी नका पुसू. शेजारनीची पुसा."

सगळ्या एकदम उठल्या. स्वतःची रेघ पुसायला कोणाचा जीव होत नव्हता, शेजारणीची पुसायला मात्र हात शिवशिवत होते. एका सकाळीत पुरा पांढरा झाला. मनकर्णाबाईच्या भिंतीला जमनाबाईनं एकावर एक तीन हात दिले. इंद्रभानजी त्या दिवशी घराबाहेर पडले नाहीत. घरात सुतक असल्यासारखे भिंतीकडं पाठ करून बसले.

साहेब चैत्रात येणार असं ठरलं, तेव्हा मनकर्णाबाईनं नवऱ्याला पोहरादेवीच्या यात्रेला धाडायचं ठरवलं. पिशवीत दशम्या बांधून दिल्या, मोटारीपर्यंत पोचवलं. संध्याकाळी दशम्या संपवून इंद्रभानजी परत आले. मोटारीत पाय ठेवायला जागा नव्हती म्हणे.

"मंग टपावर बसा लागत होतं."

"मले वारं बाधते," इंद्रभानजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. मोटारीत त्याला मळमळे म्हणून आगगाडीनं जऊळक्यापर्यंत आणि तिथून बैलांच्या दमणीनं. दमणीतून उतरला तेव्हा मोटारीनं आला असता तर बरं, अशी त्याची अवस्था होती. लहानखुरा, नेटका माणूस. टाय लावलेला. किसनसिंगनं त्याला ताक पाजलं आणि अर्ज पुढं केले. साहेबानं घरं बघितली, दुकानं बघितली. भिंती चकचकीत. दहा घरांची माणसं रांगेनं उभी, आणि दहाही जणांनी हात पाठीमागं बांधलेले, शाळेत तपासणी असल्यासारखे.

"पाणी येतं का कधी?"

"नाई जी."

"कधीच?"

"पानी भराले आमीच नदीवर जातो जी," हबीब म्हणाला.

साहेब हसला. मग नदी बघायला उतारानं खाली गेला. मागं सगळा पुरा. चैत्रातली नदी. वाळूत दोन गाढवं उभी, पलीकडं टरबुजाच्या वेली पसरलेल्या, मधून हातभर रुंदीची एक धार, तीही मनाविरुद्ध वाहिल्यासारखी.

"ही नदी?" साहेबानं विचारलं.

"हो जी."

"अहो, हा तर नाला आहे. यात म्हैस बसली तरी पाठ भिजायची नाही." त्यानं पेनाचं टोपण काढलं. "याचा कसला पूर येणार! लिहून टाकतो, धोका नाही."

किसनसिंगनं मनातल्या मनात सायकल विकून कमिशनातून फटफटी घेतली. मनकर्णाबाईचं लक्ष नवऱ्याच्या तोंडाकडं होतं. ते तोंड उघडायला लागलं तसा तिनं आपला पाय त्याच्या पायावर दिला आणि सगळा भार टाकला. तो भार थोडाथोडका नव्हता. इंद्रभानजींच्या तोंडातून नुसती हवा निघाली.

पण तिला पाय दोनच होते.

"नाला तुमच्या गावात असंन साहेब," जमनाबाई म्हणाली.

साहेबानं मान वर केली.

"माही तुळस नेली हिनं. वृंदावनासकट. नाला तुळस नेते का?"

"बाई..." किसनसिंग म्हणाला.

"तुमी चूप बसा जी! हे आज आले अन् नाला म्हनून राह्यले!"

मग कोण आधी बोललं ते सांगता येणार नाही. हलिमा म्हणाली, तिच्या घरून गादी तरंगत गेली आणि गादीवर बसून एक कुत्रं गेलं, ते पार पुलाखालून जाताना लोकांनी पाहिलं. हबीबनं इंजिनमधला मासा हातानं दाखवला, आणि तो वीतभराचा हातभर झाला. कोणी बैल सांगितला, कोणी आजी सांगितली. आजी तीन कोस खाली जिवंत सापडली होती आणि नदीची तक्रार करत नव्हती. बायकोचा पाय हलल्याबरोबर इंद्रभानजी सुटले. वर पळत जाऊन त्यांनी हबीबच्या भिंतीवर धोतराचा ओला सोगा घासला आणि चुन्याखालून लाल रेघ वर आली. "हे पाह्य साहेब! त्रेपन्न! अक्षर पाह्य!"

साहेब रागावला असता तर बरं झालं असतं. पण तो नेटका माणूस होता, आणि नेटक्या माणसाला रेघ दिसली की मोजाविशी वाटते. त्यानं पिशवीतून टेप काढला.

तपासणी सुरू झाली. साहेब पुढं, टेपचं दुसरं टोक धरायला हबीब, मागं पुरा. प्रत्येक घरात भिंत घासली जाई, साहेब आकडा मोठ्यानं वाचे आणि बाहेरून वाहवा येई. हबीबकडं तीन फूट चार इंच. हबीबच्या शेजारी तीन फूट सहा. जमनाबाईकडं आल्यावर तिनं स्वतः टेप घट्ट ताणून धरला. तीन फूट अकरा इंच. किसनसिंग आपल्या पिशवीवर बसला होता. मेल्याच्या घरी बसतात तसा.

गिरणी शेवटी आली.

मनकर्णाबाई दारात उभी होती. तिच्यामागं इंजिन, आदल्या दिवशी तेल-पाणी करून ठेवलेलं. भिंत पांढरीशुभ्र.

"तिच्या इथं मोजाची गरज नाई साहेब," जमनाबाई मागून म्हणाली. "घोट्याएवढं बी पानी येत नाई तिच्याकडे. नवरा रेघ ओढनारा, मनाले येईन तिथं ओढते. बाकी काई नाई."

साहेबानं भिंतीकडं पाहिलं. टेप काढल्यापासून त्याला पहिल्यांदाच एक न घासलेली भिंत दिसत होती. तो मनकर्णाबाईशी सौम्यपणानं बोलला. "बाई, तुमच्याकडं पाणी आलेलं नाही, असं लिहू का? तुमचा एक अर्ज मी पुढं पाठवतो. दहाची अट आहे, पण तेवढं माझ्या हातात आहे."

किसनसिंग पिशवीवरून उठला. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. गाळ नाही, मासा नाही, दोन महिने बंद नाही. बुडालं तर कंपनी भरून देईल.

मनकर्णाबाईनं इंजिनकडं पाहिलं. मग जमनाबाईकडं पाहिलं. जमनाबाई हसत होती. मोठ्यानं नाही, ओठाच्या एका कोपऱ्यानं, सहा वर्षं जपून ठेवलेलं हसणं.

गिरणीच्या फळीवर दगडाला टाकी मारायची छिन्नी पडली होती. मनकर्णाबाईनं ती उचलली. तीन हातांचा चुना ओल्या फडक्याला दाद देणार नव्हता. तिनं तो खरवडून काढला. पोपडे खाली पडले, त्यामागून त्रेपन्न सालची रेघ आली, आणि तिच्या खाली एकोणपन्नासची.

"मोजा," ती म्हणाली.

चार फूट दोन इंच.

बाहेर कोणी ओरडलं नाही. इंद्रभानजी रडले. जमनाबाई दुकानात गेली आणि गुळाच्या ढेपीवरच्या माश्या हाकलत बसली. साहेबानं आकडा लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

कंपनीचं पत्र पंधरा दिवसांनी आलं. दहाही अर्ज नामंजूर. गिरणीच्या जागेत पाणी सर्वांत अधिक चढतं असं तपासणीत आढळलं, असा वेगळा उल्लेख होता. मात्र सदर वस्तीत ओल फार असल्यानं आगीचा धोका अत्यल्प आहे, सबब आगीचा विमा सवलतीत देण्यास कंपनी आनंदानं तयार आहे.

"सर्वांत अधिक," इंद्रभानजींनी पत्र हातात घेऊन पुन्हा पुन्हा वाचलं. "कंपनीच्या कागदावर! याले काच बसवून आनतो मी."

मनकर्णाबाई इंजिनच्या चाकाला टेकून बसली होती. कोणी मेल्यावर बसतात तशी नव्हे, स्वतःच्या हातानं दूध सांडलेली बाई बसते तशी. हबीब पट्ट्याला टाके घालत होता. एक टाका ओढून तो म्हणाला, "भाभी, एक सांगू का? राग नका मानू."

"सांग. आता काय राह्यलं?"

"पानी काई तुमच्याच घरी उंच उभं नाई राह्यत. ते सगळ्या पुऱ्यात एकाच पातळीवर राह्यते. परातीत पाह्य ना, एका कोपऱ्यात जास्त चढते का?"

"मंग आमची रेघ वर काहून?"

"तुमचं जोतं खाली हाये. जमनाभाभीचं तीन इंच वर, माहं दहा इंच वर. रेघ उंच नाई भाभी, घर खोल हाये."

मनकर्णाबाईनं परात आणली नाही. तिला ते कळायला परात लागत नव्हती. अकरा वर्षं ती पिठाची पातळी डोळ्यानं जोखत होती. तिनं फक्त एवढं विचारलं, "म्हंजे सहा वर्सं मी खड्ड्याचा मान मिरवून राह्यली होती?"

हबीबनं टाके घालणं चालू ठेवलं. हा त्याचा मोठा गुण होता.

"कितीची भर घातली तं पानी लागनार नाई?"

"पाच फुटाची घाला. साहेबानं मोजून देल्लंच हाये."

विम्याच्या हप्त्यासाठी बाजूला टाकलेले पैसे आणि हातातले सोन्याचे गोठ, एवढ्यात ते झालं. नदीतूनच काळे दगड काढले, माळावरून मुरूम आणला, आणि गिरणीची सगळी खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत पाच फूट भरून घेतली. छपराची टिनं वर उचलली. हबीबनं इंजिन वरच्या जमिनीवर चढवून बोल्टांनी बसवलं. रस्त्यावरून सहा पायऱ्या.

इंद्रभानजींनी विरोध केला. "पाच फूट भर घातली तं रेघ कुठी जाईन?"

"जमिनीखाली."

"अन् पुढं? पानी वर चढनारच नाई. मी रेघ कुठी ओढू?"

"ओढू नका."

मानाची रेघ पुढच्या खोलीतलीच धरत, मागच्या घरात कितीही पाणी येवो, ते कोणी मोजत नसे. म्हणजे मनकर्णाबाईच्या घराला यापुढं रेघच राहणार नव्हती. ज्या दिवशी मुरूम चार फूट दोन इंचांवर पोचला आणि रेघ बुजली, त्या दिवशी इंद्रभानजी जेवले नाहीत. म्हणजे सकाळी जेवले नाहीत.

त्या श्रावणात मनकर्णाबाईनं ओटीचं ताट जमनाबाईच्या घरी पोचवलं. जमनाबाईनं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि पुढं तीन वर्षं दरवर्षी नवी चोळी शिवून पहिली ओटी भरली. त्या तीन वर्षांत पूर आला नाही. पुऱ्यानं गिरणीला गड नाव ठेवलं. बाया डोक्यावर ज्वारीचं टोपलं घेऊन सहा पायऱ्या चढताना शिव्या देत. "किल्लेदारीन, दळून देतं का?" असं खालून ओरडत. पेठेतल्या गिरणीवाल्यानं, आमच्याकडं पायऱ्या नाहीत, असं सगळीकडं सांगितलं. मनकर्णाबाईनं गोठ गेलेले हात वर करून पट्टा चढवला आणि दळत राहिली.

अठ्ठावन्न साली भाद्रपदात माहेरवाशीण आली. भर दुपारी, कोणाला न सांगता, त्रेपन्नपेक्षा जोरात. जमनाबाईनं उंबऱ्यावर कुंकू टाकलं, "ये माय" म्हटलं, आणि मग शाळेकडं धावण्याऐवजी गुळाची एक ढेप डोक्यावर घेऊन गिरणीच्या पायऱ्यांपाशी आली.

"मनकर्णाबाई, वर ठेवू का वं?"

"ठेव."

तिच्यामागून हलिमा आली, कापसाचं गाठोडं घेऊन. मग हबीब अवजारांची पेटी घेऊन. मग शेळ्या, अंथरुणं, दोन पाळणे, एक म्हातारी. साहेबानं नामंजूर केलेले दहाही अर्ज एकेक करून पायऱ्या चढून वर आले आणि इंजिनभोवती बसले. पाणी पहिली पायरी चढलं, दुसरी, तिसरी. पाचवीवर येऊन थांबलं. सहावी कोरडी राहिली.

इंद्रभानजी पाणी मोजत दारात उभे होते. हातात गेरूची वाटी. ती त्यांनी घरातून दुसरं काही न घेता आणली होती.

"आता?" त्यांनी बायकोला विचारलं. त्यांचं तोंड इतकं उतरलं होतं की तिला दया आली असावी. तसं ती कबूल करणार नाही.

"पायरीवर ओढा," ती म्हणाली. "बाहेरून. पानी उतरू द्या पह्यले."

ती रेघ घराच्या जमिनीच्याही खाली, म्हणून पुऱ्यातली सगळ्यात खालची निघाली. तिला कोणी मान दिला नाही. इंद्रभानजींनी तिच्याखाली साल मात्र सगळ्यात मोठं लिहिलं.

पूर उतरून आठवडा झाला असेल, तेव्हा किसनसिंग आला. सायकल, तीच टोपी, पिशवी नवी. पायऱ्यांवरची रेघ पाहिली, वरून येणारा इंजिनचा आवाज ऐकला, आणि त्याचे डोळे चमकले.

"काकू!" तो खालून ओरडला. "आता निघते तुमचा विमा! गिरनीत पानी शिरलंच नाई! आता कंपनी पुराचा विमा नक्की देते!"

मनकर्णाबाईनं हात कानाला लावला. ऐकू येत नाही, अशी खूण केली आणि वर ये म्हणाली. किसनसिंग पिशवी सांभाळत पहिली पायरी चढला. त्याच्यापुढं जमनाबाई होती, डोक्यावर ज्वारीचं टोपलं, दर पायरीला एक शिवी देत चढणारी, आणि तिला ओलांडून जायला जागा नव्हती.